आई-बाबा, मी समाजशास्त्र शिकायला चाललेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई "जेवलीस का" वर येते, म्हणून लिहूनच कळवतेय. अ‍ॅडमिशन घेतलीये. समाजशास्त्रात एमए, दोन वर्षं. फी माझ्या सेव्हिंगमधून भरलीये, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, मोडायचं नुसतं नाव काढलंत तरी मी रागावेन. नोकरीचा राजीनामाही दिलाय, पण भांडून वगैरे नाही, सगळ्यांशी नीट बोलून.

बाबा, "हे शिकून पुढे काय" हा तुमचा प्रश्न मला माहितीये, आणि तो बरोबरच आहे. डॉक्टर-वकिलासारखी दारावर पाटी लावता येत नाही यात. पण शिकवतात काय ते तरी बघा ना, माणसाला प्रश्न कसा विचारला की तो मनातलं सांगतो, हजार लोकांचा सर्व्हे करायचा तर ते हजार निवडायचे कसे, हातात आलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय छातीठोकपणे म्हणू नये. हे येणारी माणसं सरकारच्या आकडेवारी खात्याला लागतात, सार्वजनिक आरोग्याच्या कामात लागतात, एनजीओ, मार्केट रिसर्च, नगररचना, एचआर, आणि अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा यूजर रिसर्चला घेतात. सुरुवातीला पगार आत्तापेक्षा कमी असेल, ते लपवत नाही. प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी आली, आणि त्यानंतरही कायमची जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून तर मी स्टॅटिस्टिक्सचे पेपर मुद्दाम घेतलेत. मोठे काका परत "स्कोप नाही" म्हणाले तर त्यांना सांगा, मार्टिन ल्यूथर किंग यांची 1948 ची पदवी समाजशास्त्राचीच होती.

आई, ती जनगणनेवाली बाई आठवते तुला? गुडघ्यावर फॉर्म ठेवून बसली होती, बाबांचं सगळं विचारून लिहून घेतलं, मग तुझ्याकडे वळून म्हणाली "तुम्ही काय करता?" आणि तू म्हणालीस, "काही नाही, घरीच असते." तिने पेनाने बारीकशी खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली. मी तुझ्या मागे उभी होते, तुझे हात ओलेच होते, तू कामातून उठून आली होतीस. अ‍ॅन ओकली नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या 40 गृहिणींच्या मुलाखती घेतल्या, 1974 मध्ये तो अभ्यास छापून आला, तर घरकामाचे तास निघाले आठवड्याला सरासरी 77! तोवर घरकामाला काम समजून त्याचा अभ्यास करावा असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. ते वाचताना मला तूच दिसत होतीस गं. असलं काम करायचंय मला, जे कुणी मोजलंच नाही ते नीट मोजायचं.

राहायची काळजी करू नका. हॉस्टेलची रूम बघून आलेय, खिडकीतून ऊन येतं, गरम पाणी असतं, लायब्ररीतून रात्री परत यायचा रस्ता उजेडाचा आहे. जेवण वेळेवर करेन, शप्पथ. लहानपणी ताप आला की बाबा रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचे, तसं आजारी पडल्यावर कोण बघेल असं आई म्हणत होती ना, तर शेजारच्या रूममधल्या मुलीचा नंबर तुम्हाला पाठवते.

आता तुमचं. म्हातारे झालात असं अजिबात म्हणत नाहीये, पण ऐका. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, 700 हून जास्त माणसं गेली, त्यात एकटी राहणारी वयस्कर माणसं खूप होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी तिथले शेजारशेजारचे दोन भाग ताडून पाहिले, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच, गरिबीही दोन्हीकडे, एकटे राहणारे म्हातारेही, तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूंचं प्रमाण साउथ लॉनडेलच्या जवळपास दहापट. साउथ लॉनडेलमध्ये रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, तिथली म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. नॉर्थमध्ये ती दार लावून आत बसली. हे वाचल्यापासून मला तुमचं बंद दार सारखं आठवतं.

म्हणून बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही संध्याकाळी खाली जाणं सोडलंय ते परत सुरू करायचं, गुडघा दुखत असेल तर बाकावर बसा पण जा. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची, "त्यांना कशाला त्रास" हे ऐकणार नाही. आई, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळी काय झालं ते तुला माहितीये. आणि आठ दिवसांच्या आत दोघांच्या रक्ताच्या टेस्ट करून रिपोर्टचे फोटो मला पाठवा, दादाला नाही, मला.

तुमची,
छोटी