गंजलेल्या टगबोटी आणि तीनशे टनांची पळवाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईतल्या शिवडी-दारुखाना भागात चिखलात पडून असलेल्या जुन्या टगबोटींची छायाचित्रे पाहिली. छायाचित्रे सुरेख आहेत. पण त्यांखाली ‘समुद्राने गिळलेल्या’, ‘काळापुढे हरलेल्या’ वगैरे मजकूर वाचला आणि राहवले नाही. माझी सगळी नोकरी बोटींच्या तळाचा पत्रा हातोडीने ठोकून पाहण्यात गेली. बंदरात उभी असलेली टग समुद्र गिळत नाही, तिला कोणीतरी बुडू देते. कसे, ते अनेकदा छायाचित्रातच दिसत असते.

टग म्हणजे मोठी जहाजे ओढणारी बोट, तिची घडणच मुळी वेगळी. इंजिन अवाढव्य, आणि मागचा डेक मुद्दाम पाण्यालगत ठेवलेला, कारण ओढकामाचा दोर जितका खाली तितकी बोट स्थिर. कामावर असताना हे सोयीचे असते. बेवारस झाल्यावर हाच सखल डेक तिला नडतो. इंजिनरूममध्ये पाणी साचले की मागची बाजू थोडी खचते. तेवढ्याने डेकवरचे व्हेंट (हवेची तोंडे) आणि मॅनहोल (माणूस उतरण्याची तोंडे) पाण्याच्या पातळीला येतात. त्यातले एखादे झाकण चोरीला गेलेले असतेच (पितळेचे काहीही दारुखान्याच्या भंगारबाजाराच्या आसपास फार दिवस टिकत नाही). मग पाणी वरून शिरते आणि उरलेला कार्यक्रम एका भरतीत आटोपतो. सकाळी लोक म्हणतात, ‘रात्रीत बुडाली हो!’ प्रत्यक्षात ती कित्येक महिने बुडत असते.

सुरुवात होते ती क्षुल्लक जागी. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट (दांडा) जिथे तळातून बाहेर पडतो तिथले पाणी अडवणारे ग्लँड पॅकिंग वाळते. समुद्राचे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह आतून सडतो. पोलादी तळाच्या शेजारी काशाचा पंखा, आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात, म्हणजे विजेची बॅटरीच झाली. तिच्यात झिजायचे ते पोलाद. म्हणूनच तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, पोलादाऐवजी ते झिजावेत म्हणून. ठोकळे संपले आणि नवे कोणी लावले नाहीत की पत्र्याला खड्डे पडू लागतात. पाण्याखाली एक मीटरवर एक इंचाचे भोक पडले, तर त्यातून तासाला चार-पाच टन पाणी आत येते. दिवसाचे शंभर टन! हे शाळेच्या पुस्तकातले गणित आहे, कोणीही करून पाहावे.

त्यात आपला पावसाळा. तीस मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद डेकवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर सत्तावीस टनांच्या आसपास पाणी होते. मुंबईत असा पाऊस एका दिवसात पडणे नवे नाही. निचऱ्याची भोके पानाकचऱ्याने तुंबलेली आणि हॅच (खाली उतरण्याची डेकवरची दारे) उघडी असली, तर यातले बरेचसे पाणी खालीच जाते. शिवाय हे पाणी एका जागी स्वस्थ बसत नाही. बोट जरा कलली की सगळे त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते.

चिखलाचा प्रकार आपल्या किनाऱ्याला विशेष लागू. ओहोटीला बोट गाळात रुतते. भरती चढू लागते, पण गाळ तळाला धरून ठेवतो. बोट सुटायच्या आत पाणी डेकवर आले, तर ती उठतच नाही. धडधाकट बोटीचेही असे होऊ शकते, सडलेलीचे काय सांगावे!

म्हणून छायाचित्रकार मित्रांना एक सुचवतो. गंजाचे जवळून फोटो जरूर काढा, पण एक फोटो बाजूने, पूर्ण बोट येईल असा घ्या. महिन्याने त्याच जागेवरून पुन्हा घ्या. जुन्या शेवाळाची हिरवी रेघ पाण्यापासून किती वर आहे ते पाहा. बोट तरंगत असेल, तर भरती असो वा ओहोटी, हे अंतर बदलायला नको. रेघ मागच्या बाजूला पाण्याखाली गेली असेल, तर आत पाणी साचते आहे. तारीख, वेळ आणि बोटीच्या पुढच्या बाजूवर लिहिलेले नाव-नंबर टिपलेत, की तो फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. मात्र फोटो जेट्टीवरूनच आणि बंदराच्या हद्दीत असाल तर परवानगीनेच काढा. आत चढू नका. गंजणारे पोलाद बंद टाकीतला प्राणवायू शोषून घेते. तिथे डोकावलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

आता जबाबदारीविषयी. बोटीचे काम संपते, मालक कर्जात जातो किंवा कोर्टात भांडतो. आधी वॉचमनचा पगार थांबतो, मग डिझेल येत नाही, तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप बंद पडतो. बुडण्याचे खरे कारण तिथेच शोधायला हवे. मोठ्या जहाजांच्या बाबतीतही आपण हात चोळत बसलो आहोत. ‘रिव्हर प्रिन्सेस’ जून २००० मध्ये गोव्यात कांदोळीच्या वाळूत रुतली, ती हटायला २०१२ उजाडले. ओमानजवळ खलाशांना सोडून द्यावी लागलेली ‘पवित’ महिनाभर वाहत ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूला येऊन लागली.

अशी जहाजे हटवण्याविषयी २००७ चा नैरोबी करार आहे. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला आणि २०१५ मध्ये तो जगभर लागू झाला. जहाज हटवण्याच्या खर्चासाठी विमा सक्तीचा, हे त्यातले मुख्य कलम. पण ती सक्ती ३०० ग्रॉस टन (जहाजाच्या आतल्या आकारमानाचे माप) आणि त्यापुढच्या जहाजांना! बंदरातल्या बऱ्याचशा जुन्या टग या आकड्याच्या खाली राहतात. म्हणजे जिचा मालक नाहीसा होण्याची शक्यता अधिक, तिलाच सूट.

टगच्या अपघातांकडेही आपले असेच दुर्लक्ष होते. डिसेंबर २००७ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ टग जहाज ओढत असताना दोराच्या आडव्या ताणाने उलटली आणि चारांपैकी तिघे गेले. ब्रिटनच्या तपास यंत्रणेने दोर वेळेत का सुटला नाही इथपर्यंतचा अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. आपल्याकडे १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात ‘वरप्रदा’ टग बुडाली. तेरांपैकी दोघेच वाचले. बातम्यांत मोठी जागा साहजिकच त्याच वादळात बुडालेल्या ‘पी-३०५’ या कामगारांच्या बार्जला (सपाट तळाच्या तराफ्यासारख्या बोटीला) मिळाली, आणि ‘वरप्रदा’चे नाव आज बंदराबाहेर कोणाला आठवत असेल असे वाटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. बंदर अधिकाऱ्यांनी दर वर्षी पावसाळ्याच्या आत, आपल्या हद्दीत विनावापर उभ्या असलेल्या प्रत्येक टग आणि बार्जची यादी प्रसिद्ध करावी: नाव, मालक, शेवटची पत्रा-जाडीची तपासणी कधी झाली, पंप कोण चालवतो. आणि तीनशे टनांखालच्या बोटींनाही, बंदरात उभे राहण्याच्या परवान्यापुरती तरी, हटवण्याच्या खर्चाची हमी सक्तीची करावी. तोवर आपल्या छायाचित्रकारांनी पुरवणीतल्या त्याच बोटींचे फोटो जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये त्याच जागेवरून घेतले, तर आपण ते शेजारी-शेजारी छापाल का?

कळावे,
आपला,
एक निवृत्त मरीन सर्व्हेअर, माझगाव