विमान रोज येत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, मुलांच्या वाहत्या कानांच्या आजारावरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात, आभार. पण सगळी जागा विमानाने येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या कौतुकात गेली आणि ‘स्थानिक समाजाचा सहभागही महत्त्वाचा’ हे वाक्य तळाशी आलं, लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात तसं.

वाहणारा कान बरा कसा करतात, हे लेखकाने कुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. टिश्यू पेपर पिळून त्याची वात करायची. कान मागे ओढून ती हळूच आत सरकवायची, अर्धा मिनिट पू शोषू द्यायचा, फिरवत बाहेर काढायची. वात कोरडी निघेपर्यंत दर वेळी नवी. मग सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे ५ थेंब, आणि कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने चार-सहा वेळा दाबायचा, म्हणजे औषध फाटक्या पडद्यातून आत उतरतं. हे दिवसातून दोनदा, कधीकधी कित्येक आठवडे. पू न पुसता टाकलेलं औषध पुवातच अडकतं. थेंब गार असले तर मुलाला गरगरतं आणि पुढच्या वेळी ते कानाला हात लावू देत नाही. एक दिवस कान कोरडा दिसला म्हणून थांबलं की पुन्हा वाहायला लागतो. आता सांगा, हे काम अधूनमधून उतरणारं विमान करणार, की आजी आणि वस्तीतला आरोग्यसेवक?

लेखातला ‘पालकांचं दुर्लक्ष’ हा शब्दप्रयोग तर भलताच सोपा. दाटीवाटीच्या घरांत तान्ह्या बाळाच्या नाकात पहिल्या काही आठवड्यांतच जंतू ठाण मांडतात. पडदा फुटला की आतला दाब सुटतो, ठणका थांबतो. पुष्कळदा तर ना ताप, ना रडणं. पडद्यामागे नुसतं चिकट पाणी साचलेलं. आईला कळणार कशावरून? आणि शाळेत गेल्यावर कान तपासायचे, तोवर बोलणं शिकायची वर्षं निघून गेलेली. कान वाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की जागतिक आरोग्य संघटना तातडीने हालचाल करा म्हणते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या काही वस्त्यांत ते याच्या कितीतरी पट आढळलं आहे.

सहभाग ही कालची कल्पनाही नव्हे. सिडनीच्या रेडफर्नमध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांनी १९७१ साली स्वतःचं आरोग्यकेंद्र काढलं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या डार्विन शहरातल्या मेन्झीज या आरोग्य-संशोधन संस्थेने वस्तीतल्याच माणसांना कान तपासायला शिकवून पगारी कामावर घेतलं. त्या उपक्रमातले कान-नाक-घशाचे शल्यविशारद केल्विन काँग स्वतः वोरिमी या अ‍ॅबोरिजिनल समाजाचे. मूळनिवासींसाठीच्या राष्ट्रीय ‘नायडॉक’ पुरस्कारांतला २०२३ चा ‘पर्सन ऑफ द इयर’ सन्मान त्यांना मिळाला. लेखात त्यांचं नावही नाही.

जाता जाता. त्याच अंकात आरोग्य सदरात ‘वाहत्या कानात लसूण घालून कोमट केलेलं तेल’ सुचवलंय! फाटक्या पडद्यातून तेल कुठे जातं, याचा विचार केलात का? घरात उरलेले जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंबही तसेच. ते आतल्या कानापर्यंत पोचले तर ऐकू येणंच जाऊ शकतं. ऑस्ट्रेलियाबद्दलची दुरुस्ती सवडीने छापा, तेलाची मात्र उद्याच्या अंकात.

– एक वाचक, पुणे