मिरजेचं घर विकू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मिरजेत आता आमचं काय राहिलंय? घर विकतो आणि पुण्याला येतो." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. पावसाळ्यात माझ्याकडे अवश्य या, हवं तेवढं राहा. पण घर विकू नका.

तुम्ही रेल्वेच्या बदलीवर मिरजेत आलात, आई नर्सिंग शिकायला आली. दोघंही मूळचे बाहेरचे. पण तिथे परकं वाटल्याचं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते गावच तसं आहे. थोर गायक विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे भाजले, उपचारासाठी मिरजेला डॉ. भडभड्यांकडे आणलं. दृष्टी पुरती परत येईना, तेव्हा मुलानं गाणं शिकावं असं ठरलं. गायनगुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते, संस्थानिकांनी आश्रय दिला. पुढे त्याच मुलानं 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दुखणं घेऊन आलेला मुलगा गाणं घेऊन गेला, हे मला मिरजेचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तर पार उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेचेच झाले. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात वारले, पण दफन मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. त्याच दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे आई, तूच मला लहानपणी सांगितलंस.

आणि सतारमेकर गल्ली! ती माणसं मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा आणायचा, वाळवायचा, तारा चढवायच्या, मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तासन्‌तास कानानं जवारी लावायची, म्हणजे सूर नीट गुंजेपर्यंत ती घासायची. 2024 मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून मला भरून आलं.

आई, तुझ्या दवाखान्याचं मी तुला काय सांगणार? कॅनडात जन्मलेल्या डॉ. वॉन्लेसनी 1894 मध्ये ते रुग्णालय उघडलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं अजून येतात. त्यातल्या किती जणांना तू रात्री जागून सांभाळलंस! बाबा, एप्रिल 2016 मध्ये कृष्णेचं पाणी घेऊन पहिली गाडी दुष्काळी लातूरला निघाली, तेव्हा तुम्ही निवृत्त असूनही स्टेशनवर गेलात. दहा टँकर, पाच लाख लिटर, हे आकडे तुम्हीच मला फोनवर सांगितलेत, किती अभिमानानं!

इथे सोसायटीत तुम्ही फक्त माझे आई-बाबा असाल. तिथे तुम्ही सिस्टर आणि स्टेशनवाले काका आहात. भाजीवाल्यापासून दर्ग्याबाहेरच्या फूलवाल्यापर्यंत सगळे हाक मारतात. या वयात पुन्हा नव्यानं ओळखी करत बसू नका.

जिन्याला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडा आणि दिवसभराची बाई, एवढं मी करून देते. जूनमध्ये तुम्हाला न्यायला येईन, तेव्हा गवंड्याशीही बोलून घेईन. बाबा, गिऱ्हाइकाला आताच नाही म्हणून कळवा. विसार घेऊ नका.

तुमची,
मधू