तिसरा रकाना दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समक्ष आभार मानायला आलो असतो तर तुम्ही चहा टाकून विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

चाळिशी-पन्नाशीत गुन्हेगारीशास्त्राला बसणाऱ्याला आधी आकडे छळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; चोरीचं कलम ३७९ झालं ३०३, साध्या दुखापतीचं ३२३ झालं ११५(२), आणि आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० मधून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये गेली. तुम्ही वहीत तीन रकाने आखायला लावले: जुनं कलम, नवं कलम आणि 'मिटवणार कोण'. तिसरा रकाना कुठल्याच गाइडात नव्हता. साध्या दुखापतीत मार खाल्लेला माणूस स्वतः मिटवू शकतो, गंभीर दुखापतीत कोर्टाची परवानगी लागते, पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, मिटवणं नाहीच. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर कलम जुनंच लागतं. पेपरात मार्क जातात ते इथेच.

पण खरं ऋण वेगळं आहे. पुनर्स्थापक न्याय, म्हणजे नुसती शिक्षा न देता झालेली हानी भरून काढणारा न्याय, म्हटलं की रत्नागिरीत उत्तर तयार असतं, "म्हणजे आपली गावकीच की!" २००७ पासून तंटामुक्तीची समितीही आहेच. तुमचा प्रश्न एकच असायचा: मिटलं, पण कुणाचं?

तो खाडीतल्या जाळीचा सराव घ्या. जाळी कापणारा १७ वर्षांचा, होडीमालकाचा पुतण्या. जाळी ज्याची, तो त्याच मालकाकडे खलाशी. चारचौघांत बसवलं तर तो म्हणणार, "जाऊ दे, पोरगंच ते." ही संमती नव्हे, पुढच्या हंगामाची काळजी आहे. म्हणून आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, खलाशाला त्याच्या घरी, मालक आसपास नसताना. मुलगा केलेलं कबूल करत नसेल तर बैठक घ्यायचीच नाही. बैठकीत आधी कोण बोलणार हे खलाशी ठरवणार. मग चार प्रश्न: काय झालं, तेव्हा मनात काय होतं, झळ कुणाकुणाला बसली, काय केलं तर भरून निघेल. "नुकसान भरून देतो" एवढं लिहिलेला कागद तुम्ही परत करायचात. सूत किती किलो, कुठल्या तारखेला, बुडालेली मजुरी किती दिवसांची, मुलगा स्वतः विणायला किती दिवस बसणार, बघणार कोण. काकाने पैसे टाकून पुतण्याला सोडवला तर पोराच्या हाताला सुई लागलीच नाही. आणि कागद कितीही नेटका असला तरी प्रकरण संपतं ते बाल न्याय मंडळाच्या आदेशानेच.

कॅनडातल्या एल्मायराची १९७४ ची हकिकत तुम्ही जरा रंगवूनच सांगायचात, परिवीक्षा अधिकारी तुमच्याच खात्यातला ना! दोन मुलांनी २२ ठिकाणी नासधूस केली, त्या अधिकाऱ्याने त्यांना नुकसान झालेल्यांना भेटायला दारोदार नेलं. दार ठोठावण्याआधी घरच्यांची तयारी विचारायची शिस्त मात्र मागून आली, हेही तुम्हीच सांगितलंत.

प्रकल्पांत मुलाचं नाव कुणीच लिहिलं नव्हतं, तरी तुम्ही लाल रेघ मारलीत ती वाडीच्या नावाखाली. बारा घरांच्या वाडीत 'होडीवाल्यांचा पुतण्या' लिहिलं की ओळख पटतेच, आणि मुलाची ओळख उघड करायला बंदी घालणाऱ्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ला तेवढं पुरतं.

तीन रकान्यांची वही पुढच्या तुकडीसाठी कपाटात ठेवली आहे. चुका दिसल्या तर पेन्सिलीने खूण करा.

तुमचे,
रविवारच्या वर्गातले विद्यार्थी