कण्या, कूट आणि चिमूटभर साखर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. दुकानाचं शटर ओढलं आणि काउंटरवरच वाचत बसलो. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. धान्य नाही, कडधान्य नाही. दूध-दही-ताक नाही, दारू तर नाहीच. उरलं काय, तर मांस-मासोळी, अंडी, भाज्या, फळं, बिया, सुका मेवा आणि तूप. अमेरिकेत २००९ साली निघालेलं हे ‘होल थर्टी’चं तीस दिवसांचं पथ्य, आणि ते पाळायला तू जागा निवडलीस आपलं गाव! बापा, तुझ्याच वावरात काय काय आहे ते तरी आठवलं का? सोयाबीन नुकतंच निघालं, ते द्विदल, म्हणजे कडधान्यातच. तूर उभी आहे, तीही द्विदल. हरभरा आणि गहू पेरून झालेत, ज्वारी पाटलाच्या वावरात आहे, सगळं बाद. तुझ्या नियमात बसणारं एकच पीक राहतं, कापूस, आणि तो काही खाता येत नाही.

पण डॉक्टरांनी सांगितलंय, पोटही तुझंच दुखतंय, म्हणून थट्टा इथंच पुरे. मला यातलं एक बरं वाटलं. मोजायचं-तोलायचं काही नाही, रोज वजनकाट्यावर उभं राहायचं नाही. पदार्थ एक तर आत, नाही तर बाहेर. किराणावाल्याला असा हिशेब समजतो.

आधी पुड्यांचं सांगतो, कारण ते सोपं आहे. पाकिटावर घटक लिहिताना जो वजनानं जास्त तो आधी लिहायचा, असा नियमच आहे. सॉसच्या बाटलीवर टोमॅटोच्या पाठोपाठ साखर दिसली की बाटली परत फळीवर. साखर दर वेळी स्वतःच्या नावानं येत नाही. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडं. आयएनएस ३२२ असा मिश्रकाचा सांकेतिक आकडा दिसला तर ते लेसिथिन, बहुधा सोयाबीनचंच निघतं. खाली अ‍ॅलर्जीची ओळ असते ती सोडू नको. गहू, दूध, सोया, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, यांपैकी काही असेल तर कंपनीला ते सांगावंच लागतं. एक पळवाट मात्र राहते. ‘मसाले’ असं एकाच शब्दात लिहिलेलं असतं, त्यात कोणकोणते ते कळत नाही. तयार मसाल्याची पाकिटं म्हणून मी तुझ्यासाठी काढलीच नाहीत.

हिंगाचं ऐक. माझ्याकडे खपते ती छोटी पिवळी डबी भिंगाखाली धरली. वर हिंग, मागे बारीक अक्षरात ‘मिश्र हिंग’, आणि घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, मग खायचा डिंक, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजतो तो हिंग शेवटी. दुसऱ्या कंपनीची डबी पाहिली, तिच्यात तांदळाचं पीठ. तुझ्यासाठी दोन्ही सारख्याच. इतकी वर्षं विकतोय, पण तिच्या पाठीमागे काय लिहिलंय ते कोणत्याच गिऱ्हाइकानं मला विचारलं नाही. बिनपिठाचा खडा हिंग शहरातच मिळेल, तोही वाचून घे. नाही मिळाला तरी अडत नाही. इकडे लसूण तेलात तडतडला की हिंगाची आठवण कोणाला होते?

मिठाची तुला फार काळजी दिसते, ती सोड. अमेरिकेत आयोडीनच्या मिठात थोडं डेक्स्ट्रोज घालतात, त्यावरून तो प्रश्न निघाला आहे. तिथल्या नियमातही मिठाला सूट आहेच, आणि आपल्याकडे तर मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, त्याला साखरेची गरज पडत नाही. तेलाचं तुझ्या यादीत धड लिहिलेलं नाही. सोयाबीन आणि फल्ली दोन्ही द्विदल, तेव्हा त्यांचं तेलही मी आपल्या मनानं बाहेर काढलं. करडईचं घाणीचं तेल सांगून ठेवलंय. करडई ना धान्य, ना कडधान्य.

सुट्या मालाला मागची बाजूच नसते, तिथं माझ्या दुकानावरही विश्वास ठेवू नको. सुटी हळद, सुटं तिखट घ्यायचं नाही, त्यात पीठ मिसळलेलं ओळखता येत नाही. समुद्रपूरकडचा एक व्यापारी येतो, त्याच्याकडून वायगावची हळकुंडं घेतलीत, आणि भिवापुरी मिरची देठासकट. तुझी आई, आमच्या काकू, कांडपावर नेतील तेव्हा एवढंच विचारायला सांग की आधी कोणाचं काय दळलं. धने असतील तर हरकत नाही. डाळ्या दळल्या असतील तर आधी थोडी आपली मिरची घालून ती बाजूला काढायची.

आता खरी अडचण. पुडा वाचता येतो रे, काकूंचा हात कसा वाचशील?

अंबाडीची भाजी घे. तू म्हणशील पालेभाजी आहे, चालेल. पण आपल्याकडे नुसती अंबाडी शिजवतो कोण? आंबटपणा मोडायला ज्वारीच्या कण्या पडतात, मूठभर तुरीची डाळ पडते, वरून लसणाची फोडणी. काकूंना विचारलंस तर त्या म्हणतील, “अंबाडीच आहे बाप्पा, दुसरं काही नाही.” आणि ते खोटंही नसतं. कण्या त्यांच्या लेखी वेगळा पदार्थ नाहीच, अंबाडी म्हटली की त्या आल्याच. हरभऱ्याच्या पाल्याचंही तेच. दाणा तुला बंद, पण कोवळा पाला म्हणजे पालेभाजी, तो मी आत धरला. मात्र ती भाजी घट्ट करायला पीठ लावतात, ते थांबवायचं. वांग्याच्या भरताला काही अडचण येऊ नये. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजायची, साल काढून बडग्यानं ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पण वाढायच्या आधी काकू परातीत फल्लीदाणे टाकतात. तेवढे तुझ्या वाट्याचं भरीत काढल्यावर टाकायला सांग. आणि भेदराच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चटणीत चिमूटभर साखर असते, ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

रविवारी गावरान कोंबडी होईलच, ती तुझ्या बाजूची. घरच्या रश्शाला खोबरं, कांदा, खसखस, तीळ असं वाटण असेल तर खुशाल खा. हॉटेलातला सावजी रस्सा मात्र नको. दाटपणा यावा म्हणून त्यात कोणी भाजलेली ज्वारी घालतं, कोणी डाळ्याचं पीठ, आणि प्रत्येकाचा मसाला गुपित. मासोळी घरी तळली तर बेसन-रव्यात घोळू नये.

काकूंना समजवायचं कसं यावर मी विचार केला. ‘डाएट’ म्हणालास की संपलं. डाएटवाल्याला आई एक घास जास्तच वाढते. सरळ सांग की महिनाभराचं व्रत आहे, आणि फार कडक आहे. ‘हे चालते का, ते चालते का’ हा प्रश्न त्या आयुष्यभर एकादशीला विचारत आल्या आहेत. तुझ्या पुण्याच्या आहारतज्ज्ञाइतकीच नजर आहे त्यांची. फक्त त्यांचा कायदा आणि तुझा कायदा कुठं जुळतात आणि कुठं फाटतात ते आधीच सांगून ठेव, नाही तर पहिल्याच दिवशी प्रेमानं भगर समोर येईल. भगर उपवासाला चालते, पण ती धान्यच, तुला नाही. राजगिराही नाही. दही आणि फल्लीदाण्याची आमटी नाही. आलू, रताळी, सुरण, खोबरं दोघांनाही चालतं. शिंगाडा पाण्यातलं फळ, भंडाऱ्याकडचे उकडलेले शिंगाडे आठवडी बाजारात आले तर घेऊन ठेवीन. पण शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ करून खायचं नाही. चालणाऱ्या जिनसांतून पोळी-भाकरीची नक्कल करायची नाही असा तुझाच एक नियम आहे, आणि मला विचारशील तर त्या यादीतला सगळ्यात शहाणा नियम तोच. साबुदाणा कंदाचा असतो, तरी आपल्याकडे कुटाशिवाय खिचडी कोणी करत नाही, म्हणून तोही राहू दे.

चहाचं काय करणार आहेस? कोणाच्या ओसरीवर बसलास की कप आलाच. बिनसाखरेचा मागितलास की संध्याकाळपर्यंत गावभर होईल, सुधाकरला शुगर निघाली. होऊ दे. शुगरवाल्याला कोणी आग्रह करत नाही. फक्त बिनसाखरेचा म्हणजे दुधाचाच आणतील, म्हणून दूधही बाधतं असं जोडून सांग. कोरा चहा मिळेल, लिंबू पिळून घे. आणि मारुतीच्या पाराजवळच्या आपल्या म्हाताऱ्याकडे गेलास तर तो पेढा हातात ठेवल्याशिवाय सोडणार नाही. तो खिशात घाल, माझ्या पोराला दे.

तीस दिवसांनंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. सगळं एकदम सुरू केलंस तर महिनाभर कशाला सोसलं? आधी एक दिवस कडधान्य, मग दोन-तीन दिवस पुन्हा पथ्य. मग गहू सोडून बाकी धान्य, म्हणजे ज्वारी आणि भात. मग दूध, आणि गहू सगळ्यात शेवटी. पोट कशावर कुरकुरतं ते तेव्हाच कळायचं. ज्वारीवर काही होत नाही आणि पोळीवर होतं असं निघालं, तर तुझी गाडी आपल्या आज्यांच्या भाकरीवरच येऊन थांबली म्हणायची. पण हे आधीच गृहीत धरू नको.

१५ डिसेंबरला सुरू केलंस तर तीस दिवस १३ जानेवारीला संपतात आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळगुळात तीळ तुला चालतात, पण गूळ म्हणजे साखर आणि त्यात फल्लीदाणे पडले म्हणजे कडधान्यही, दोन्ही एकाच लाडवात. कशानं काय झालं ते कळणार नाही. म्हणून तुझे लाडू बिनदाण्याचे करायला आमच्या घरी सांगतो. तोवर डॉक्टरांना एवढं विचार, की गोड आधी सुरू करायचं की डाळ. गोड आधी म्हणाले तर लाडू, आणि डाळ आधी म्हणाले तर त्या दिवशी नुसते भाजलेले तीळ हातावर घे. घरी यायच्या आधी कळव, गुळाची भेली त्याप्रमाणे फोडतो.

तुझा,
रामदास