'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, 'वय झालं की डोकं असंच चालायचं' असं तू फोनवर म्हणालीस, ते मला पटलेलं नाही. वॉर्डात नातेवाईक हेच म्हणतात आणि त्यापायी बरा होणारा आजार अंगावर काढला जातो.

डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विसरण्याचा आजार, बहुधा दबक्या पावलांनी येतो, महिनोन्‌महिने. तेच तेच विचारणं वाढतं, पण सुरुवातीला तरी माणूस समोर बसून नीट बोलतो. डिलिरियम, म्हणजे अचानक उडणारा डोक्याचा गोंधळ, काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत उभा राहतो आणि दिवसभर पालटत राहतो. सकाळी बरी असलेली आजी रात्री चादरीचे धागे उपटत बसते, नसलेल्या माणसांशी बोलते. लक्ष म्हणून टिकत नाही. आम्ही महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगतो. डिसेंबर, नोव्हेंबर झालं की ती छताकडे बघत राहते, आपल्याला काय विचारलं होतं तेच सुटून जातं.

डिलिरियमच्या मुळाशी बहुतेकदा शरीरातलंच काही असतं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, न सांगितलेलं दुखणं, झोपेची नवी गोळी. सर्दीची साधी गोळीसुद्धा निमित्ताला पुरते. संसर्ग असूनही म्हातारपणी ताप येईलच असं नाही. कारण सापडलं की बरेच जण सावरतात, काहींना आठवडे लागतात.

मला जास्त धास्ती गप्प डिलिरियमची वाटते. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. जो नुसता पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली की जेमतेम डोळे उघडतो, तो 'शांत झोपलाय' म्हणून राहून जातो. डिमेन्शिया असलेल्यांनाही वरून डिलिरियम होतो, तेव्हा तर ओळखणं फारच कठीण.

म्हणून तुम्हा दोघांवर माझी भिस्त आहे. एकाचं वागणं अचानक बदललं, तर दुसऱ्याने सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं आणि ठणकावून सांगायचं, 'परवापर्यंत हे असं नव्हतं.' आधीचा माणूस कसा होता, हे आमच्या कुठल्याच रिपोर्टात येत नाही. सोबत चष्मा आणि कानाचं मशीन न्या. ते नसलं की गोंधळ आणखी वाढतो.

बाबा, दोघांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा. फोटो काढून मला आजच पाठवा.

तुमची लेक