आंबोलीच्या दादा, तुम्ही जे जे नाही म्हणालात त्याबद्दल थँक्यू

दादा नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही लगेच पावसाचं सांगायला लागता, विषयच बदलून टाकता, म्हणून लिहूनच काढतेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही. तुम्हीच बोललात की नाव टाकू नका, पावसाळ्यात आधीच फोन खाली ठेवायला उसंत नसते. ठीक आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आंबोली काय मुंबई नाही.

आता आभार कशाचे? तुमच्याच घरी राहिलो, जंगल पण तुम्हीच दाखवलंत. खोली स्वच्छ होती, जेवण मस्त होतं, ते तर आहेच, त्याचे पैसे आम्ही दिलेत. मला आभार मानायचेत ते तुम्ही आम्हाला जितक्या वेळा नाही म्हणालात त्याचे. गाईड हा प्रकार आम्हाला माहीत होता तो म्हणजे "चला मॅडम अजून एक पॉइंट आहे" वाला. तुम्ही उलटे.

थोडं मागचं सांगते, वाचणाऱ्यांसाठी. आम्ही दोघं पुण्यात, नवऱ्याची शिफ्ट दुपारी सुरू होते आणि माझं ऑफिस सकाळी, त्यामुळे आठवडाभर आमची भेट म्हणजे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आणि रात्री एक जण झोपलेला. जुलैमधला एक शनिवार-रविवार दोघांनाही मोकळा मिळाला, शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि निघालो. महाबळेश्वर-लोणावळा नको होतं कारण तिथे जाऊन ट्रॅफिकमध्येच बसायचं असेल तर मग हिंजवडी काय वाईट आहे. कोल्हापूर, निपाणी, आजरा करत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आजऱ्यापर्यंत सगळं छान, पुढे जे धुकं सुरू झालं ते असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना, पाऊस आडवा, काच आतून पण धुरकट बाहेरून पण, आणि मॅपवरचा निळा ठिपका जंगलात कुठेतरी थांबून राहिलेला. मी तुम्हाला फोन लावला तेव्हा एकच कांडी रेंज होती. तुम्ही विचारलंत काय दिसतंय, मी म्हणलं काहीच दिसत नाहीये, मग म्हणालात "थंयच थांबा, मी येतंय." आणि रेनकोट घालून बाईकवर आलात, बाईकचा इंडिकेटर चालू ठेवून हळूहळू आमच्या पुढे. आम्ही त्या एका पिवळ्या दिव्याच्या मागे मागे तुमच्या अंगणात पोचलो. तेव्हा आमची ओळख पण नव्हती, फक्त ॲडव्हान्स पाठवला होता.

रात्री जेवताना नवऱ्याने मोबाईल काढून लिस्ट वाचली. कावळेसाद, महादेवगड, नांगरतास, हिरण्यकेशी, परीक्षित पॉइंट, मेन धबधबा, शिवाय नाईट ट्रेल, आणि जमलं तर सावंतवाडीला जाऊन लाकडी खेळणी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, वाटीतली सोलकढी संपवलीत आणि म्हणालात की एवढं होईल पण मग बघून काहीच होणार नाही, यातलं काय नको ते सांगा. दादा, खरं सांगू, मला पहिल्यांदा थोडा रागच आला होता. आपण एवढ्या लांबून आलोय आणि हे आपल्याला कमी करायला सांगतायत!

मेन धबधब्याला तर तुम्ही सरळ नाहीच म्हणालात. वीकेंडला तिथे पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, घाटात गाड्यांची रांग, कणसं, भजी, प्रत्येक गाडीचं वेगळं गाणं. परत जाताना सोमवारी पहाटे बघा म्हणालात. त्याऐवजी शनिवारी सकाळी हिरण्यकेशीला नेलंत. गुहेतून पाणी येतंय, समोर कुंड, आणि आम्ही तिघं सोडून फक्त पुजारी. तिथे तुम्ही सांगितलंत की हे पाणी पूर्वेला जातं, कर्नाटकात घटप्रभेला मिळतं, तिथून कृष्णा, म्हणजे शेवट बंगालचा उपसागर. आणि धबधब्याचं पाणी खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला. एकाच गावात पडलेला पाऊस, काही किलोमीटर इकडे-तिकडे पडला तर समुद्र बदलतो. नवरा भूगोलात कच्चा आहे पण हे त्याने पुण्यात येऊन निदान पाच लोकांना ऐकवलंय, जणू शोध त्यानेच लावला.

त्याच कुंडातल्या माशाचं पण. शिस्टुरा हिरण्यकेशी, 2020 साली जगाला नव्याने कळलेला मासा, बोटाएवढाही नाही, आणि त्याच्यासाठी 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाणी इतकं जोरात होतं की मासा काही दिसला नाही. मी विचारलं, पाण्यात उतरून बघता येईल का, बाकी लोक पाय सोडून बसतात तसं. नाही. का, तर त्याचं घर एवढंच आहे. बास, एवढंच बोललात आणि पुढे चालायला लागलात. (मला आवडतं हे, लेक्चर न देता नाही म्हणणं. आमच्या घरी हे कुणाला जमत नाही, मला तर अजिबातच.)

आता मुख्य, नाईट ट्रेल. संध्याकाळी निघायच्या आधी तुम्ही आमचे बूट तपासलेत, जळवांसाठी मोज्यात तंबाखूची भुकटी टाकलीत, डासांचं क्रीम लावलेलं हातावरून साबणाने धुवायला लावलंत. मला वाटलं हे जरा जास्तच. मग जंगलात पाणवठ्याच्या वर पानाला लटकलेला तो पांढऱ्या फेसाचा गोळा दाखवलात आणि वरच्या फांदीवर तो हिरवागार बेडूक, बोटांमधले पडदे केशरी. मलबार ग्लायडिंग फ्रॉग. फोटोत शंभरदा बघितलेला पण समोर इतका शांत बसलेला असेल असं वाटलं नव्हतं, म्हणजे आम्ही तिघं टॉर्च घेऊन उभे आणि तो आपला घसा हलवत बसलाय. फेसात अंडी असतात, त्यातून पिल्लं सुटली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात, म्हणून मादी पाण्याच्या बरोबर वरचं पान निवडते. नवऱ्याने विचारलं हातावर घेता येतो का. तुम्ही म्हणालात, "हात लावूक नको हां." बेडकाची कातडी ओली असते, तो तिच्यातून पण श्वास घेतो, आपल्या हाताचं मीठ, सॅनिटायझर, क्रीम सगळं त्याच्या आत जातं. तेव्हा मला साबणाचं कळलं.

फ्लॅशला पण नाही. टॉर्चवर पातळ कापड धरून दोन फोटो आणि मग पुढे. पुढे वाटेच्या कडेला, अगदी कमरेच्या उंचीवर, मलबारी चापडा. मी चार फुटांवरून गेले होते आणि मला दिसलाच नव्हता, तुम्ही मागून टॉर्च मारलात तेव्हा फांदीचा एक भाग साप झाला. डोळा आणि नाकपुडीच्या मधला खड्डा दाखवलात, त्यानेच त्याला अंधारात उंदराच्या अंगाची उष्णता कळते, म्हणून तो नुसता बसून राहतो, कधी कधी दिवसेंदिवस त्याच फांदीवर. तेवढ्यात दुसरा एक ग्रुप आला, त्यातल्या एकाने तुम्हाला विचारलं की काडीने जरा हलवा ना, व्हिडिओ काढायचाय, पैसे देतो. तुमचा चेहरा मी अंधारात पण बघितला. भांडला नाहीत, आवाज चढवला नाहीत, फक्त टॉर्च बंद केलात. साप गायब. त्या लोकांना तो परत सापडलाच नाही आणि ते गेले. दादा, हे मी कितीतरी जणांना सांगितलंय. एवढं सोपं उत्तर!

म्हणूनच तो कुठल्या वाटेवर, कुठल्या ओढ्यापाशी बसला होता ते मी इथे लिहीत नाहीये. फोटोंवर लोकेशन पण टाकलं नाही, तुम्ही सांगितलं होतंत. कुणी विचारलं तर आंबोली, एवढंच.

आणि ती चमकणारी बुरशी. तुम्ही म्हणालात टॉर्च बंद, मोबाईल खिशात, आणि दहा-पंधरा मिनिटं बोलायचं नाही. सुरुवातीला निव्वळ काळोख, पाऊस पानांवरून टपकतोय, पायावर काहीतरी चढतंय असा सारखा भास (भास नव्हता ते नंतर कळलं). मग हळूहळू खाली कुजलेल्या लाकडावर फिकट हिरवट काहीतरी दिसायला लागलं. मी आधी समजले डोळ्यांना भ्रम होतोय, नवऱ्याचा दंड दाबला तर त्याला पण तेच दिसत होतं. फोटोत दिसतं तसं झगमगीत नाही, अगदी मंद, सरळ रोखून बघितलं की नाहीसं होणारं, जरा बाजूला नजर ठेवली की परत दिसणारं. बुरशीच्या आतच रासायनिक क्रिया होऊन हा उजेड येतो, काजव्यासारखी उघडझाप नाही, एकसारखा. टॉर्च मारत चालणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलाच तेवढा वेळ लागतो. तुम्ही ती पंधरा मिनिटं लावून धरली नसतीत तर आम्ही त्या लाकडावर पाय देऊन पुढे गेलो असतो.

लोक विचारतात, कपल ट्रिप होती ना, रोमँटिक होतं का. काय सांगू, परत आल्यावर तुमच्या पडवीत बसून आम्ही एकमेकांच्या पायावरच्या जळवा शोधत होतो. नवऱ्याच्या पोटरीतून रक्त थांबेना, मी घाबरले, तुमच्या आई हसत होत्या. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, थोडा वेळ वाहणार आणि आपोआप थांबणार. थांबलं. मग आईंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला, सोबत भाजलेला सुका बांगडा, आणि आमचे बूट चुलीच्या वर टांगून ठेवले. लाईट नव्हती, रेंज नव्हती, आम्ही दोघं पडवीत रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. विषय फार भारी नव्हते हो, होम लोन, त्याच्या बहिणीचं लग्न, पार्किंगवाल्या शेजाऱ्याशी भांडण. पण एकाच वेळी जागे होतो दोघं, हे आमच्याकडे हल्ली होत नाही.

रविवारी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, नेलंत ते तर मी जन्मात विसरणार नाही. वर काळा-तांबडा जांभा, त्यात छोटी छोटी डबकी, पाऊस चालूच, आणि तुम्ही म्हणालात "बसा." कुठे बसा? तिथेच. बसलो. अर्ध्या-पाऊण तासाने तो दिसला, आंबोली टोड, बेडकाचाच एक प्रकार, इवलासा, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, कुशीवर पिवळे पट्टे. 2009 साली याची वेगळी जात म्हणून नोंद झाली, अतिधोक्यातल्या जातींमध्ये आहे, आणि सापडतो तो या आंबोलीच्या आसपासच. तो सड्यावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो, तेच डबकं ज्याच्यात आपण बुटाने पच्चकन पाय देतो. रात्री रस्त्यावर गाड्यांखाली किती चिरडले जातात ते पण तुम्ही सांगितलंत, आणि आमच्यासारख्यांच्याच गाड्या असतात त्या, हे न बोलता. सोमवारी निघताना नवऱ्याने गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न मारून वैतागले. मारू दे.

कावळेसादला आम्ही गेलोच शेवटी, तेवढं एक तुम्ही हो म्हणालात. वारा खालून वर येतो आणि धबधब्याचं पाणी उलटं अंगावर उडतं, ते भारी होतं, पण रेलिंगच्या पलीकडे फोटोला उभे असणारे बघून माझाच जीव खाली-वर होत होता. लिस्टमधलं बाकी सगळं राहिलं. महादेवगड राहिला, नांगरतास राहिला, खेळणी राहिली. नवऱ्याला विचारलं वाईट वाटतंय का, तो म्हणाला कसलं.

जाताना पैशाच्या बाबतीत पण तुमचं तेच. ठरल्यापेक्षा जास्त द्यायला गेलो तर परत केलेत. मी आईंच्या हातात ठेवायला गेले तर त्यांनी उलट कोकमाची पिशवीच माझ्या हातात दिली. आता हे मात्र मला पटलेलं नाही दादा. शहरातून येणाऱ्यांकडून रीतसर जास्त घ्या, पावसाचे चार महिने सोडले तर उरलेल्या वर्षात किती गिऱ्हाईक येतं ते तुम्हीच सांगितलंत. नाईट ट्रेलचे दर तरी वाढवा. बेडूक हातावर न घेता दाखवणाऱ्याला जास्त मिळायला पाहिजेत, कमी नाही, हे मी भांडून सांगेन.

बरं, एक काम आहे. दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना घेऊन यायचं चाललंय, सासऱ्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे वरची खोली नको, खालची मिळेल का आणि बाथरूम आतच आहे ना तिथे, ते कळवा. तेव्हा पक्षी कुठले असतात ते पण, सासऱ्यांना पक्ष्यांचा भयंकर नाद आहे, पुस्तक घेऊनच फिरतात. तो पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर तेव्हा ऐकू येतो का हे त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. रेंज आली की मिस्ड कॉल द्या, मी करते. आईंना आणि वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची पुण्याची पाहुणी